मेजवानीत जेवण नसतं!

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? एका इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. तिला एकच दार, एकच खिडकी आणि खिडकीला जाड गज. खोलीत गच्च माणसं बसली आहेत. अंगात इस्त्रीचे कपडे, पोटात कावळे. पुढे टेबलं, टेबलांवर पांढरी कापडं, कापडांवर ताटं, आणि ताटांत? काही नाही! भाताचं शीतसुद्धा नाही! आणि दारात एका स्टुलावर सात वर्षांची एक मुलगी पाय हलवत बसली आहे आणि सगळ्यांना बजावते आहे, "जेवल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही!"

केलीत कल्पना? आता भिंतीला पाठ लावून घाम पुसणारा एक म्हातारा त्यात घाला. तो मी.

लगेच हसू नका! त्या दिवशी माझं काडीचंही चुकलं नव्हतं. हे मी आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला जिन्यात अडवून सांगितलंय. आता लोक मला बघितलं की लिफ्टने जातात. म्हणून तुम्हाला सांगतो.

ती खोली म्हणजे माझा वर्ग. मी शाळेतून निवृत्त झालो, पण शाळा काही माझ्यातून निवृत्त झाली नाही. संध्याकाळ झाली की इमारतीतली मुलं चपला दाराशी टाकून खाली जमिनीवर बसतात आणि मी त्यांना रोज एक शब्द शिकवतो. नुसता अर्थ सांगून नाही हं! अर्थ कोणीही सांगतो. आम्ही शब्द करून बघतो. 'प्रतिध्वनी' शिकलो तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर गेलो आणि पाण्याच्या रिकाम्या टाकीत तोंड घालून ओरडलो. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, कोणीतरी टाकीत पडलं! त्यांनी फोन केला. घंटा वाजवत बंब आला! मुलांना एका संध्याकाळी 'प्रतिध्वनी', 'अग्निशामक' आणि 'माफीनामा' असे तीन शब्द आले. सांगा बरं, कुठल्या शाळेत इतकं भराभर शिकवतात?

पण आमच्या सेक्रेटरीसाहेबांना ही प्रगती बघवेना. त्यातच दुसऱ्या मजल्यावरच्या टेबलवाल्यांनी त्यांच्याकडे अर्ज टाकला. टेबलवाले म्हणजे समारंभांना टेबल-खुर्च्या भाड्याने देणारे गृहस्थ. माणूस मनाने चांगला, पण त्याच्या घरात टेबलं इतकी, की घरची माणसं खेकड्यासारखी आडवी चालतात. त्यांना टेबलं ठेवायला माझी खोली हवी होती.

"मास्तर," सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "रविवारी दुपारी मी चार लोकांना घेऊन तुमचा वर्ग बघायला येतो. उपयोग दिसला तर वर्ग. नाही दिसला तर टेबलं."

"या की!" मी छाती काढून म्हणालो. "चार कशाला, चाळीस आणा. रविवारी माझी मुलं तुम्हाला 'मेजवानी' हा शब्द करून दाखवतील!"

सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. शिक्षणाबद्दल इतकी आस्था मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती.

टेबलवाले शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मग माझी टेबलं लागणारच, मास्तर! शब्दातच आहे ना? मेज म्हणजे टेबल. टेबलं मांडली, की झाली मेजवानी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! माणसाने खोली मागावी, पण शब्द मागू नये.

"अहो, मेजवानीत टेबल नाही!" मी गरजलो. "जेवणसुद्धा नाही! मेजवानीत असतो फक्त मेजबान! हा शब्द फारसीतून आलाय. मेजबान म्हणजे यजमान, पाहुण्याचं स्वागत करणारा. त्याचं वागणं ती मेजबानी, आणि आपल्या तोंडात ब चा व होऊन झाली मेजवानी. मेजवानी म्हणजे यजमानपण! टेबल घेऊन कसले बसलात?"

"टेबल घेऊनच बसायचं असतं, मास्तर," टेबलवाले शांतपणे म्हणाले. "मांडीवर ताट घेतलं तर सांडतं."

सेक्रेटरीसाहेब हसले. मी हसलो नाही. मी रविवारची वाट बघू लागलो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तो शब्द फळ्यावर ठळक मोठा लिहिला. मुलांना यजमानाचे नियम शिकवले. यजमान आधी बसत नाही. यजमान आधी जेवत नाही. पाहुण्याला कामाला हात लावू देत नाही. आणि सर्वांत मोठा नियम, पाहुणा उपाशी गेला तर यजमानाची लाज गेली!

"शब्दात शेवटी 'बान' आहे बघा," मी म्हणालो. "बान म्हणजे राखणारा. दार राखतो तो दरबान. बाग राखतो तो बागबान."

एक हात वर आला. तो ठिणगीचा. ठिणगी म्हणजे टेबलवाल्यांची धाकटी. ती वर्गात आली, की माझ्या बोलण्याला जागोजागी भोकं पडतात. मला खूप आवडते, पण आदल्या दिवशीच्या रागाची वाफ माझ्या डोक्यात अजून कोंडलेली होती.

"शंका नंतर!" मी म्हणालो आणि कामं वाटायला घेतली. कोणी आमंत्रणं द्यायची, कोणी स्वागत करायचं, कोणी पाहुण्यांना बसवायचं, कोणी पाणी द्यायचं. गप्पा मारायलासुद्धा मी दोन बडबडी मुलं नेमली. निरोपाचं काम, म्हणजे दाराचं, ठिणगीला दिलं.

"पाहुणा जेवला का, ते विचारायचं आणि मगच दार उघडायचं," मी तिला समजावलं.

"नाही जेवला तर?"

"तर नाही उघडायचं."

माझी सौभाग्यवती दारावरून जात होती. तिने आत डोकावून विचारलं, "अहो, आणि जेवणाचं कोण बघतंय?"

तुम्हीच सांगा, मी मुळापासून शब्द शिकवत असताना हा काय प्रश्न झाला?

"अगं, मी शब्द शिकवतोय, स्वयंपाक नाही!" मी म्हणालो. "कालच सगळ्यांदेखत सांगितलंय, मेजवानीत जेवण नसतं!"

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

मुलांनो, मोठे झालात की एक लक्षात ठेवा. घरच्या माणसाने लांबलचक भांडण काढलं तर भिऊ नका. नुसतं "बरं" म्हटलं, तर आधी डब्यात चार बिस्किटं लपवून ठेवा.

माझ्या मनातला हिशेब साधा होता. मुलांच्या आया काही ना काही करून पाठवतीलच. आजवर या इमारतीत कुठल्याही कार्यक्रमाला आया रिकाम्या हाताने आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. पण माझी मुलं घरोघर जाऊन काय म्हणाली असतील? "आई, रविवारी तू पाहुणी आहेस. तू काही करायचं नाहीस. पाहुण्याला कामाला हात लावू दिला तर आमची लाज जाते!" हे ऐकून एका आईच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं. सगळ्या आयांनी रविवारी गॅस बंद ठेवला, ठेवणीतले कपडे काढले आणि सकाळचा नाश्तासुद्धा टाळला. मेजवानीला जायचं तर पोटात जागा नको?

सेक्रेटरीसाहेबांनी म्हणे शनिवारपासूनच जेवताना हात आखडता घेतला होता.

रविवार उजाडला. टेबलवाल्यांनी मला न विचारता पहाटेच टेबलं आणून मांडली, त्यावर कापडं अंथरली, वर चकाचक ताटं ठेवली आणि मिशीतल्या मिशीत हसत उभे राहिले. असू दे, म्हटलं. टेबलाने कोणी मेजबान होत नाही!

पाहुणे येऊ लागले. मी आमंत्रणाच्या मुलांना सांगितलं होतं, की खरा यजमान माणसं निवडत बसत नाही. त्यांनी निवडली नाहीत. समोरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर आले. त्यांच्याबरोबर एक पेशंट आला, गालाला रुमाल बांधून. कोपऱ्यावरचा शिंपी आला. ज्यांना रस्त्यात फक्त पत्ता विचारायचा होता, असे एक गृहस्थ आले. तिसऱ्या मजल्यावरचं पार्सल द्यायला आलेल्या पार्सलवाल्याला मुलांनी हाताला धरून खुर्चीत बसवलं. आणि सौभाग्यवती आली, जरीची साडी नेसून, हातात फक्त पंखा!

"तू काही आणलं नाहीस?" मी तिच्या कानात विचारलं.

"इश्श! मी पाहुणी आहे," ती मोठ्याने म्हणाली.

माझ्या मुलांनी मात्र कमाल केली! वाकून स्वागत काय, खुर्ची ओढून देणं काय, पाण्याचे पेले काय! गप्पांच्या मुलांनी डॉक्टरांना विचारलं, "तुमचे स्वतःचे दात कोण काढतं?" माणसं खूश! मी मान ताठ करून सेक्रेटरीसाहेबांकडे बघत होतो. तेही खूश होते. त्यांनी नॅपकिन कॉलरमध्ये खोचला होता.

पाण्याची दुसरी फेरी झाली. मग तिसरी झाली. चौथ्या फेरीला पार्सलवाला म्हणाला, "पुरे बाळा, आता मी वाजायला लागलोय."

सेक्रेटरीसाहेबांनी ताटावर चमचा आपटला. "मास्तर, उत्तम! उत्तमच! आता वाढा की!"

मी मुलांकडे बघितलं. मुलांनी माझ्याकडे बघितलं. मी आयांकडे बघितलं. आयांनी एकमेकींकडे बघितलं. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं!

"वाढायचं काम कोणाकडे आहे?" मी हळूच विचारलं.

"ते तुम्ही कोणालाच दिलं नाहीत, सर," पाणी देणारा मुलगा म्हणाला. "तुम्ही म्हणालात ना, मेजवानीत जेवण नसतं."

तेवढ्यात कोणाच्या तरी पोटातला कावळा स्पष्ट ऐकू आला.

"काय?" सेक्रेटरीसाहेब उभेच राहिले. नॅपकिन कॉलरमध्येच होता. "मी कालपासून उपाशी आहे! संपलं, मास्तर! ही खोली टेबलांची!"

ते तरातरा दाराकडे निघाले. मागोमाग सगळी खोली उठली. दारात स्टूल होतं. स्टुलावर ठिणगी होती. कडी आतून लावलेली होती.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"नाही!"

"मग जाता येणार नाही."

"जेवायला आहे काय इथे?"

"ते मला माहीत नाही. माझ्याकडे दाराचं काम आहे."

"ए पोरी, बाजूला हो!"

"आधी जेवा!"

सेक्रेटरीसाहेब लाल झाले. टेबलवाले पुढे आले. "ठिणगे, उतर खाली. मी सांगतोय. तुझा बाप सांगतोय!"

"आज तुम्ही बाप नाही, बाबा," ती म्हणाली. "आज तुम्ही पाहुणे आहात. आणि तुम्ही जेवला नाहीत." तिने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "मी दार उघडलं, तर उद्या वर्ग नसेल. तुमची टेबलं असतील. मग मी कुठे बसू?"

टेबलवाले तिला सोडून माझ्यावर उलटले. "बघा मास्तर! मी म्हणत होतो ना? शब्दात मेज आहे, मेज इथे हजर आहे! तुमच्या मेजबानाने काय आणलं?"

"पुन्हा तेच!" मीही पेटलो. "अहो, मेजबान म्हणजे यजमान! शंभरदा सांगितलं!"

"आजोबा, माझी शंका राहिलीय," दारातून आवाज आला.

"आत्ता?"

"तुम्ही म्हणालात नंतर. आता नंतर झालंय." ठिणगी कडीवर हात ठेवून म्हणाली, "दरबान दार राखतो. मी राखतेय. बागबान बाग राखतो. मग मेजबान काय राखतो?"

"थांब, कोशातच दाखवतो!" मी म्हणालो.

फडताळावर माझा जाडजूड कोश होता. सगळ्यांच्या नजरेखाली मी तो काढला. त्या नोंदीचा वरचा भाग मला पाठच होता. मेजबान म्हणजे यजमान. तिथेच खूश होऊन मी गेल्या वेळी कोश मिटला होता. आता खालचं वाचलं. मेज म्हणजे टेबल. आणि त्याहून मागे गेलं, तर काही जाणकारांच्या मते त्याचं मूळ पाहुण्यापुढे मांडलेल्या अन्नात आहे.

"काय लिहिलंय?" सौभाग्यवती पंखा हलवत म्हणाली. "मोठ्याने वाचा की."

मी वाचलं. फार मोठ्याने नाही.

"म्हणजे टेबल आहे!" टेबलवाले ओरडले.

"आणि जेवणही आहे!" सौभाग्यवती म्हणाली.

"आणि राखणाराही आहे!" मी दोघांच्यावर आवाज चढवला. माघार? छे! मी माघार घेतली नाही. मी फक्त थोडा मागे सरकलो, तोही गर्दीमुळे. "टेबल मांडलं आणि राखणारा नसला, तर ते नुसतं गोदाम! काय ठिणगे?"

"पण आता जेवण कुठून राखायचं?" तिने विचारलं.

तेवढ्यात शिंप्याला पार्सलवाल्याच्या मांडीवरचा खोका दिसला. "खोक्यात काय आहे हो?"

सगळी खोली त्या खोक्याकडे वळली. पार्सलवाल्याने तो छातीशी धरला. ज्यांचं पार्सल होतं ते तिथेच पाहुणे होते. त्यांनी घाईघाईने कागद फाडला. आत बूट! ते काळे, चकचकीत बूट डॉक्टरांच्या पेशंटने ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरणार नाही.

सेक्रेटरीसाहेबांनी हॉटेलला फोन लावला. रविवार म्हणून तिथे रांग होती. शेवटी बुद्धी सुचली ती आमंत्रणाच्या मुलांना. ती अजून बाहेरच होती, आणखी पाहुणे गोळा करत! त्यांनी खिडकीच्या गजांतून हात घातले. "काकू, घराची किल्ली द्या!"

आणि मग काय वर्णावं! खिडकीतून किल्ल्या बाहेर जाऊ लागल्या आणि आया गजांना धरून ओरडू लागल्या.

"फ्रिजच्या खालच्या कप्प्यात भाजी आहे!"

"ओट्यावरचा पाव आण, पण हिरवा झाला असेल तर नको!"

"अंडी उकडून आण! अरे, गॅस बंद करायला विसरू नकोस!"

पोरं जिन्यावर वानरांसारखी धावत होती. कालचा भात आला. उकडलेले बटाटे आले. कोणाच्या काकड्या, कोणाचं दही, कोणाचं लोणचं. मोठी पातेली गजांतून येईनात, तेव्हा मुलांनी भात वाट्यावाट्यांनी आत सारला. सेक्रेटरीसाहेब आपली किल्ली देईनात. "माझं पथ्य चालू आहे, घरात काही नाही," ते म्हणाले. त्यांच्या बायकोने पर्समधून दुसरी किल्ली काढून दिली. त्यांच्या फ्रिजमधून आला एक अखंड केक! तो मात्र खिडकीतून जाईना. मुलांनी तो बाहेरच कापला आणि एकेक तुकडा आत दिला. प्रत्येक तुकड्यागणिक काकू साहेबांकडे बघत होत्या.

सगळे जेवले! स्वतःच्याच घरचं शिळंपाकं, पण माझ्या मुलांनी वाढलेलं. एकही मूल बसलं नाही. एकाही पाहुण्याला उठू दिलं नाही. पेशंटला मऊ भात कालवून दिला. पत्ता विचारायला आलेले गृहस्थ दुसऱ्यांदा भात घेऊन म्हणाले, "मला कुठे जायचं होतं, तेच विसरलो!"

टेबलवाल्यांच्या ताटात बटाटा पडला. ते दाराकडे बघत होते. "हिने काही खाल्लं का?" त्यांनी विचारलं.

"यजमान शेवटी जेवतो, बाबा," स्टुलावरून उत्तर आलं.

त्यांनी घास तसाच हातात धरला. मग बराच वेळ ते टेबलावरच्या कापडाची सुरकुती बोटाने सारखी करत बसले.

सेक्रेटरीसाहेबांनी तोंड पुसलं. "हं. आता खोलीचं काय करायचं?"

"टेबलं इथेच राहू देत," टेबलवाले म्हणाले. मी कोश छातीशी धरला. "आणि वर्गपण. पोरं जमिनीवर बसून लिहितात, पाठी वाकतील. माझी टेबलं त्यांच्या कोपरांखाली ठेवतो. समारंभ असला, की घेऊन जाईन. माझं गोदाम झालं, त्यांचं बाक झालं."

हात वर झाले. सगळे, केकचे हातसुद्धा. ठराव पास!

"एक अट!" सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "पुढचा शब्द मला आधी विचारायचा."

तेव्हापासून माझ्या वर्गात टेबलं आहेत. मुलं त्यांना मेज म्हणतात. मी टेबलच म्हणतो. काही तत्त्वं माणसाने शेवटपर्यंत सोडू नयेत.

त्या दुपारी मग ठिणगीने कडी काढली. "जेवलात का?" एकेकाला विचारून एकेकाला सोडलं. टेबलवाले तिच्या डोक्यावर टपली मारून गेले. सौभाग्यवती पंखा हलवत गेली. मुलं उरलंसुरलं घेऊन गच्चीवर पळाली. शेवटी मी निघालो.

खट्! कडी परत लागली.

"आजोबा, जेवलात का?"

मी टेबलांकडे बघितलं. ताटं स्वच्छ, वाट्या स्वच्छ. कोशाच्या आणि भांडणाच्या नादात माझं जेवण राहिलंच होतं. "अगं, मी यजमान ना!" मी म्हणालो. "सोड आता. घरी जाऊन खाईन."

"यजमान मी पण आहे," ती म्हणाली. मग खिडकीशी जाऊन तिने हाक दिली, "आजी! एक पाहुणा उपाशी राहिलाय!"

वरून सौभाग्यवतीचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, मेजवानीत जेवण नसतं!"

ठिणगीने माझ्याकडे बघितलं. तिने एक खुर्ची ओढली, पेला भरून ठेवला आणि फ्रॉकच्या खिशातून एक केळं काढलं. बसून बसून चपटं झालेलं, दिवसभर राखलेलं. ते तिने ताटाच्या मधोमध ठेवलं. मी बसलो. ती हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली.

मी केळं सोलून पहिला घास घेतला. तिने शेवटपर्यंत धीर धरायचा प्रयत्न केला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मग तिने शेजारची खुर्ची ओढली, वर चढून बसली आणि माझ्या ताटातलं उरलेलं अर्धं केळं उचललं.